मॅक्रो मुका होतो तेव्हा

(भुईगाव येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या तालुक्यात १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर अवघ्या १४ वर्षांत, म्हणजे १९१८ साली, बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक उभी राहिली, आणि जेथे केळी, पानवेल व फुले पिकवणाऱ्या बागायतदाराने आपली पै-पै पतपेढीच्या खात्यात नोंदवून घेण्याची सवय पिढ्यानपिढ्या जोपासली, तेथे हिशेबाच्या शुद्धतेचा विषय कोणाला परका वाटणार नाही, असे मी धरून चालतो. किर्द आणि खतावणी यांच्या जागी आता एक्सेलचे वर्कबुक आले आहे, आणि त्या वर्कबुकाच्या पोटात काही मॅक्रोही आले आहेत, जे लिहिणारा मनुष्य बहुधा नोकरी सोडून केव्हाच गेलेला असतो. त्यांतील एका वर्गाविषयी, म्हणजे घटना घडताच आपोआप चालू होणाऱ्या मॅक्रोंविषयी, आणि ते चालेनासे झाले म्हणजे त्यांचा तपास कसा करावा याविषयी मला आज बोलायचे आहे.

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिसीकॅल्क १९७९ साली बाजारात आले तेव्हा एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे बदलतात, एवढ्यानेच हिशेबनीस थक्क झाले होते. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिण्याची व्हीबीए ही भाषा १९९३ साली आली, आणि एक्सेल ९७ पासून शीटला व वर्कबुकाला स्वतःच्या घटना मिळाल्या: वर्कबुक उघडणे, सेव्ह होण्यापूर्वीचा क्षण, सेलमधील मजकूर बदलणे, एका सेलवरून दुसऱ्या सेलवर जाणे. बटण दाबून चालणारा मॅक्रो बिघडला तर दाबणाऱ्याला तात्काळ कळते, कारण त्याने काही मागितलेले असते आणि ते त्याला मिळालेले नसते. परंतु घटनेवर चालणाऱ्या मॅक्रोला कोणी हाक मारीत नाही, तो आपण होऊन हजर होतो, आणि म्हणूनच तो यायचा थांबला तर त्याची गैरहजेरी कित्येक दिवस कोणाच्या ध्यानी येत नाही. या साऱ्या विषयाचे मर्म माझ्या मते या गैरहजेरीत आहे.

आपल्याच परिसरातील एका पतसंस्थेत घडलेला प्रकार सांगतो. पिग्मी वसुलीच्या शीटमध्ये सी या रकान्यात रक्कम लिहिली की ई या रकान्यात तारीख आणि वेळ आपोआप उमटत असे. एके दुपारी ती उमटेनाशी झाली. रोखपालबाईंनी संध्याकाळी संगणक बंद केला, सकाळी सुरू केला, तो सर्व पूर्ववत. काही दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. “सर, याची लहर फिरते,” असे त्या मला म्हणाल्या, आणि ज्याचे कारण दिसत नाही त्याला लहर म्हणणे स्वाभाविकच आहे. तथापि एक्सेल बंद करून उघडताच जो दोष नाहीसा होतो, तो आपल्या ठिकाणाची साक्ष स्वतःच देत असतो. तो फाइलमध्ये असता तर दुसऱ्या दिवशीही फाइलबरोबर आला असता. अर्थात तो चालू असलेल्या एक्सेलच्या स्मृतीत असला पाहिजे.

वाडीतील शेवटच्या ओळीच्या केळीला पाणी पोचले नाही तर बागायतदार केळीचे पान न्याहाळीत बसत नाही. तो पाटाच्या काठाने उलटा चालत बावखलापर्यंत, म्हणजे पाणी येते त्या तळ्यापर्यंत, जातो. येथेही मॅक्रोच्या ओळी वाचण्यापूर्वी घटना मुळात घडली काय, हे पाहावे. सूत्राचे उत्तर बदलले म्हणून ‘चेंज’ ही घटना घडत नाही, त्यासाठी ‘कॅल्क्युलेट’ ही निराळी घटना आहे. सेलचा रंग बदलला तरी ‘चेंज’ घडत नाही. उलट सेलमध्ये एफ-टू दाबून शिरले आणि काहीही न बदलता एंटर दाबले तरी ती घडते. मग मॅक्रो योग्य जागी आहे काय, हे पाहावे, कारण ‘वर्कशीट_चेंज’ त्या शीटच्या स्वतःच्या मॉड्यूलमध्येच असावा लागतो, आणि हौसेने साध्या मॉड्यूलमध्ये चिकटवलेला मॅक्रो अक्षर न् अक्षर बिनचूक असला तरी त्याला कोणी बोलावीत नाही. फाइल एक्सएलएसएक्स या प्रकारात सेव्ह झाली असेल तर मॅक्रो त्यात उरतच नाहीत. ई-मेलने आलेल्या फाइलीतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवून ठेवले आहेत; ज्यांना ही अडवणूक जाचक वाटते त्यांनी मार्च १९९९ मधला मेलिसा विषाणू आठवावा, जो वर्डचा दस्तऐवज उघडण्याच्या घटनेवरच स्वार होऊन आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला रवाना करीत असे. फाइल खात्रीची असेल तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करावे. खात्री नसेल तर करू नये.

या सर्व ठिकाणी पतसंस्थेची फाइल निर्दोष होती. तेव्हा व्हीबीएच्या खिडकीत कंट्रोल-जी दाबून इमिजिएट विंडो उघडली, प्रश्नचिन्ह देऊन ‘ॲप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स’ असे लिहिले, आणि उत्तर आले: फॉल्स. घटनांची दखल घेण्याची परवानगीच रद्द झालेली होती. ही परवानगी एका फाइलीपुरती नसते. त्या एक्सेलमध्ये उघडलेल्या यच्चयावत वर्कबुकांवर तिचा अंमल चालतो, म्हणून त्या दुपारी कर्जवसुलीच्या फाइलीतले मॅक्रोही मुके झालेले होते, फक्त तिकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

ही परवानगी रद्द केली कोणी? त्या मॅक्रोनेच, आणि तसे करण्यात त्याचा अपराध नव्हता. ई रकान्यात तारीख लिहिणे हाही त्या शीटमधला बदलच असल्यामुळे मॅक्रोच्या स्वतःच्या लेखनाने त्याला पुन्हा बोलावणे येते, तो पुन्हा लिहितो, पुन्हा बोलावणे येते, आणि अखेर एक्सेल गोठते. म्हणून जाणता लेखक आरंभी घटना बंद करतो, काम उरकतो आणि शेवटच्या ओळीत त्या पुन्हा चालू करतो. ही रीत निर्दोष आहे, पण मॅक्रो शेवटच्या ओळीपर्यंत पोचला तरच.

तो का पोचत नव्हता, हे कळण्यासाठी फाइलीची प्रत काढून मी बाईंना म्हटले, “त्या दुपारी जे जे केलेत, ते सगळे जसेच्या तसे पुन्हा करा.” दोष दुरुस्त करण्याआधी तो मुद्दाम घडवता येणे मी अत्यावश्यक समजतो, कारण जो दोष आपल्याला हवा तेव्हा घडवता येत नाही, तो गेला असे म्हणण्याचा अधिकारही आपल्याला नसतो. बाईंनी चुकीच्या पडलेल्या तीन रकमा एकदम निवडल्या आणि डिलीट दाबले. पडद्यावर चौकट आली: रन-टाइम एरर १३, टाइप मिसमॅच. त्यांचे बोट सवयीने ‘एंड’कडे गेले, कारण ‘डीबग’ दाबले की पिवळी ओळ दिसते आणि तिचे पुढे काय करायचे हे त्यांना कोणी शिकवलेलेच नव्हते. मॅक्रोत ‘टार्गेट’ची, म्हणजे बदललेल्या सेलची, किंमत रिकामी आहे काय, अशी विचारणा होती, टार्गेट एक सेल असेल तर तिला अर्थ आहे, तीन सेलांचा समूह असेल तर तिला उत्तर नाही. मॅक्रो मध्येच पडला, बंद केलेले दार बंदच राहिले, आणि त्या चौकटीचा तारखा न उमटण्याशी संबंध कोणी जोडला नाही.

दुरुस्ती लहान होती. टार्गेटमधला प्रत्येक सेल ‘फॉर ईच’ने स्वतंत्र तपासायचा, आणि ‘ऑन एरर गोटू’ने अशी वाट करून द्यायची की काम नीट संपो वा मध्येच तुटो, घटना चालू करणारी ओळ गाठल्यावाचून मॅक्रोला बाहेर पडता येऊ नये. सेल मोजायचे तर ‘काउंट’ऐवजी ‘काउंटलार्ज’ वापरावे, कारण २००७ पासूनच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने असतात, आणि कोणी संपूर्ण शीट निवडून डिलीट दाबले तर १७ अब्जांहून अधिक सेलांची ती संख्या ‘काउंट’ला पेलत नाही. ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ घालून चौकट येणेच बंद करावे, असा सल्ला मात्र पुष्कळ जण देतात, आणि त्याला माझा कडाडून विरोध आहे. ती चौकट हाच या प्रकरणातला एकमेव प्रामाणिक साक्षीदार होता, आणि त्याचे तोंड बांधून पतसंस्थेच्या सभासदाचा काय लाभ होणार?

तारखा पूर्ववत उमटू लागल्या, तरी माझे समाधान झाले नव्हते, कारण उद्या निराळ्या कारणाने मॅक्रो मुका झाला तर पुन्हा कोणाला कळणार नाही ही मूळची उणीव तशीच होती. त्यासाठी दुसरा मॅक्रो पहाऱ्याला बसवणे व्यर्थ. पहिल्याला जो आजार होतो तोच दुसऱ्यालाही होणार. पहारेकरी मॅक्रोहून वेगळ्या जातीचा हवा. म्हणून शीटच्या शिरोभागी एक साधे सूत्र लिहिले: सी रकान्यातील भरलेल्या सेलांच्या ‘काउंटए’मधून ई रकान्यातील भरलेल्या सेलांचा ‘काउंटए’ वजा. जितक्या रकमा तितक्या तारखा असल्या पाहिजेत. रुजवात जुळली तर शून्य, तफावत निघाली तर कंडिशनल फॉरमॅटिंगने तो सेल लालभडक. सूत्राला घटनांच्या परवानगीची गरज नसते, मॅक्रो बंद असले तरी ते चालते. त्याखेरीज एका वेगळ्या शीटवर बारनिशी ठेवली, जिच्यात मॅक्रो आपल्या आगमनाची वेळ आणि बदललेल्या सेलचा पत्ता आरंभी लिहितो व काम उरकल्यावर त्याच ओळीत ‘पूर्ण’ असा शेरा मारतो. शेरा नसलेली ओळ म्हणजे जेथे मॅक्रो पडला ते ठिकाण.

पुढे एका सोमवारी तो सेल लाल झाला, आकडा होता ४. बारनिशीत अपूर्ण ओळ एकही नव्हती. त्या ४ नोंदींच्या वेळी मॅक्रो आलाच नव्हता. चौकशी करता कळले की एका संचालकांनी रविवारी घरून मोबाइलवर फाइल उघडून रकमा भरल्या होत्या, आणि एक्सेलच्या मोबाइल आवृत्तीत काय किंवा ब्राउझरमधल्या आवृत्तीत काय, व्हीबीए चालतच नाही. त्या रकमांच्या तारखा पिग्मी प्रतिनिधींच्या पावतीपुस्तकांवरून हाताने भरण्यात आल्या, आणि मोबाइलवर फाइल फक्त पाहावी, नोंद कचेरीतल्या संगणकावरच करावी, असा ठराव संचालक मंडळाच्या पुढच्या सभेत झाला. गूगल शीट्सकडे जावे काय, असेही त्या सभेत निघाले. तेथील ‘ऑनएडिट’ मोबाइलवरच्या नोंदीलाही जागा होतो हे खरे. पण ३० सेकंदांत काम उरकले नाही तर तो मध्येच थांबवला जातो, आणि दुसऱ्या स्क्रिप्टने केलेल्या बदलाची तो दखल घेत नाही. म्हणून फाइल तिकडे नेली तरी काउंटएचे ते सूत्र आणि बारनिशीचे शीट बरोबर न्यावे, एवढे मी मंडळाला लेखी कळवले आहे.