आवाज वाढतो, गोंगाटही वाढतो

परदेशातून आलेला फोन आपण घरात बसून ऐकतो, तेव्हा तो आवाज प्रकाश होऊन समुद्रतळाच्या केसाएवढ्या काचतंतूतून आलेला असतो. ही काच कमालीची स्वच्छ. तरीही १०० किलोमीटरवर प्रकाशाचा जेमतेम शंभरावा हिस्सा उरतो. मग महासागर ओलांडायचा कसा?

१९८८च्या टीएटी-८ या अटलांटिक केबलमध्ये वाटेवरची यंत्रे प्रकाशाची वीज करत, संदेश दुरुस्त करत आणि पुन्हा प्रकाश करून पुढे धाडत. काम चोख, पण किचकट. १९८७च्या सुमारास इंग्लंडमध्ये डेव्हिड पेन आणि अमेरिकेत इमॅन्युएल देसुरव्हिर यांनी काचेत एर्बियम मिसळून प्रकाश थेट वाढवून दाखवला. लेसरने एर्बियमच्या अणूंना ऊर्जा द्यायची. संदेशाचा क्षीण किरण आला की ते ती त्याच्या हवाली करतात.

खरी अडचण पुढेच आहे. हे अणू आपणहूनही थोडा प्रकाश सोडतात. तो झाला गोंगाट. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर संदेशाबरोबर तोही वाढतो; यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. बरे, सुरुवातीलाच भरमसाट प्रकाश सोडावा, तर काचेतच संदेश बिघडतो. म्हणून तो फार क्षीण होण्याआधीच, ठरावीक अंतरावर, बेताचे बळ द्यावे लागते.

कविसंमेलनात ध्वनिक्षेपक खरखरू लागला की आवाज चढवून भागत नाही, हे आम्ही कवी जाणतोच. शब्द खरखरीत बुडण्याआधीच सांभाळावा लागतो.