छान दिसताय की!



डिसेंबर १८२२. इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांचा नातू ऑगस्टस डेस्टे एका जिवलग नातलगाला भेटायला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेला. पोचला तोवर नातलग वारला होता. अंत्यविधीनंतर थोड्याच दिवसांत ऑगस्टसची नजर इतकी धूसर झाली की पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. काही न करता डोळे बरेही झाले. पुढे एकाचं दोन दिसू लागलं, पाय लटके पडले, लघवीचा त्रास सुरू झाला. तो सगळं रोजनिशीत टिपत राहिला. एका डॉक्टराने दिवसातून दोनदा बीफस्टेक आणि सोबत शेरी असा खुराक लावला! पॅरिसचे न्यूरॉलॉजिस्ट शार्को यांनी या आजाराचं नेमकं वर्णन केलं ते १८६८ मध्ये. तरी आजचा न्यूरॉलॉजिस्ट ती रोजनिशी वाचून मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) ओळखतो. एमआरआयशिवाय.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं वेष्टण कुरतडते. बहुधा विशी ते चाळिशीत, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. त्रास आतला, चेहरा टवटवीत. मग ‘छान दिसताय की!’ हे घरीदारी ऐकावं लागतं, ओपीडीतही. वेणी घालताना हात गळून खाली येतो. तपासताना मात्र ताकद पुरी भरते. केसपेपरवर ‘विशेष तक्रार नाही’.

भर मे महिन्यात नागपूरच्या थांब्यावर अशा बाईला समोरच्या बसची पाटी दिसेनाशी होते. घरी कूलरपुढे बसली की अक्षरं परत येतात. उष्णतेने तंतूंमधला संदेश अडखळतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ उहथॉफ यांनी १८९० मध्येच हे नोंदवलं होतं. हा आजाराचा नवा झटका नव्हे. पण तिला कुणी हे आधी सांगितलेलं नसेल, तर सुईतून घेतलेलं औषध फुकट गेलं असं समजून ती ते बंद करेल. आधीच ‘बरं वाटतंय, मग सुई कशाला?’ हा प्रश्न तिच्या मनात असतो, आणि तो अगदी रास्त आहे. ते औषध आजचं दुखणं घालवायला नसतंच, पुढचा झटका टाळायला असतं. ‘चुकवू नका हं’ एवढ्याने तिच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. त्यासाठी आधी तिचं ऐकावं लागतं.

अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये डॉक्टर-रुग्णांची बोलणी ध्वनिमुद्रित करून मोजली. रुग्ण सरासरी १८ सेकंद बोलला की डॉक्टर मध्ये बोलत. लघवीच्या त्रासाची गोष्ट अठरा सेकंदांत निघत नाही. ती निघते उठून दारापाशी गेल्यावर. सोबत सासूबाई असतील तर तेव्हाही नाही. सासूबाईंना काही निमित्ताने बाहेर बसवावं आणि सरळ विचारावं: घाई लागली की मोरीपर्यंत पोचता येतं का? प्रवास असला की आदल्या रात्रीपासून पाणी पिणं सोडता का? दुसऱ्या प्रश्नावर बऱ्याच जणी हसतात, आणि मग बोलू लागतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देणाऱ्या टेबलामागे उद्या तुम्हा नव्या पदवीधर डॉक्टरांपैकीच कुणी बसलेलं असेल. समोरची बाई स्वतःच्या पायांनी चालत आलेली असेल, आणि छान दिसत असेल.