पुनर्वसनानंतरची विचारपूस
(संस्थेच्या वार्षिक समारंभात राजूर येथे केलेले भाषण)



जनगणनेपासून मतदारयाद्यांपर्यंत नाना तऱ्हेची माहिती आपण शिक्षक मंडळी गोळा करीत असतो. म्हणून आपत्तीनंतरच्या पाहणीविषयी दोन शब्द बोलावेसे वाटतात.

एका पावसाळ्यानंतर डोंगरकडेच्या एका वाडीत मी घरांची माहिती घेण्यास गेलो होतो. एका वृद्ध बाईंच्या घराची दुरुस्ती झाली होती. मी विचारले, "आजी, आता ठीक ना?" त्या म्हणाल्या, "बरं हाय, गुरुजी." मी रकाना भरून उठलो. बाहेर शेजारीण म्हणाली, "पाऊस लागला का म्हातारी रातभर बसून राहती." माझ्या तक्त्यात झोपेसाठी रकाना नव्हता. मी ते लिहिले नाही, याची टोचणी अजून आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे घराचा आकार जमिनीच्या मालकीवरून ठरला. भूमिहीनास 250 चौरस फूट, तर सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यास 750 चौरस फूट. घरात माणसे किती, हा हिशेब त्यात नव्हता. सरळ, रुंद रस्ते आले. पण पुष्कळ ठिकाणी जुना शेजार तुटला. 'घर मिळाले काय?' याचे उत्तर 'होय' असले, तरी तेवढ्याने माणूस सुखी आहे असे ठरत नाही. मात्र घरदुरुस्तीच्या कामात महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' नेमले गेले, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. बायकांचे म्हणणे बायकांनीच ऐकले.

आपल्यासारख्याच सह्याद्रीच्या कुशीतील माळीण गाव 30 जुलै 2014 रोजी दरडीखाली गेले. दीडशेवर माणसे गेली. एप्रिल 2017 मध्ये आमडे येथील नव्या घरांचा ताबा मिळाला. जूनच्या पावसात तेथील रस्ते खचले आणि लोक पुन्हा धास्तावले. एप्रिलमध्ये विचारले असते तर एक उत्तर आले असते, जूनमध्ये दुसरे. म्हणून पाहणी एकदा करून भागत नाही; ती निदान एका पावसाळ्यानंतर पुन्हा करावयास हवी.

माझ्या सूचना थोड्याच आहेत. घराबरोबर झोप, काम, शेजार व मुलांची शाळा यांविषयी विचारावे. कुटुंबप्रमुखाबरोबरच स्त्रिया, वृद्ध आणि भूमिहीन यांच्याशी स्वतंत्र बोलावे. जे देणे आपल्या हाती नाही, त्याचे आश्वासन देऊ नये. आणि काय आढळले, ते गावात जाऊन वाचून दाखवावे. लोकांनी दिलेली माहिती ही लोकांचीच ठेव आहे.

आपल्यापैकी कोणावर हे काम येईल तेव्हा तक्त्याच्या तळाशी चार ओळींची जागा मोकळी ठेवावी. त्या आजींचे म्हणणे तेथे मावले असते.