शहराने पाणी नेले, घाण आम्हाला दिली
(जिल्हा मेळाव्यातील भाषणावरून)



आमची पराटी पावसावर, ज्वारी पावसावर. मग शहराच्या गटाराशी आमचे काय घेणेदेणे, असे कोणी विचारील. घेणेदेणे आहे, आणि हिशेब आमच्या बाजूने येणे निघतो.

नाग नदी नागपूरच्या पश्चिमेला लाव्याच्या टेकड्यांत उगवते. शहरातून जाताना ती नदी राहत नाही, नाला होते. पिलीला सोबत घेऊन ती कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत शिरते आणि ते सगळे पाणी गोसीखुर्दच्या धरणात साठते. १९८८ साली या धरणाची पायाभरणी झाली ती शेतकऱ्याच्या नावाने. शेतकऱ्याच्या नावाच्या धरणात आज शहराचे मैलापाणी येते. काठावरची गुरे तेच पितात. काठच्या विहिरींना त्याचाच पाझर.

याला उपाय नाही असे नाही. भांडेवाडीला शुद्धीकरण केंद्र आहे. आधी ते रोज १० कोटी लिटरचे होते. पुढे वाढवून २० कोटी लिटरचे केले. शिवाय १३ कोटी लिटरचे दुसरे केंद्र उभे राहिले. त्याचे पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते.

हे काम चालते कसे, तेही समजून घेऊ. आधी जाळीत कचरा अडतो, मग रेती खाली बसते. पुढे हौदात हवा सोडतात. हवेवर जगणारे जिवाणू पाण्यातली घाण खातात. हवा बंद केली की गाळ तळाला जातो आणि वरचे निवळ पाणी काढून घेतात. म्हणजे वीज बंद तर हवा बंद, हवा बंद तर जिवाणू मेले, आणि घाण जशीच्या तशी नदीत! म्हणून केंद्र बांधले एवढ्याने भागत नाही, ते रात्रंदिवस चालले पाहिजे. आणि घराघरातले मैलापाणी नळातून तिथवर पोचले पाहिजे. जे नाल्यात पडले, ते केंद्राला वळसा घालून थेट आमच्याकडे येते. २०२२ साली नाग नदीसाठी सुमारे १,९२७ कोटींची योजना केंद्र सरकारने मंजूर केली. पैसा फक्त हौदांवर न जाता नळांवरही गेला पाहिजे.

आता हिशेब. वीज केंद्राने रोज १३ कोटी लिटर शुद्ध केलेले सांडपाणी वापरले, तर तेवढे पेंचचे पाणी वाचते. एका एकराला दोन इंच पाणी द्यायला सुमारे दोन लाख लिटर लागतात. म्हणजे एका दिवसाच्या वाचलेल्या पाण्यात साडेसहाशे एकरांचे एक ओलित होते. बोंड भरताना पाऊस दडी मारतो, तेव्हा ते एक ओलित म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. ते वाचलेले पाणी कोणाच्या नावे जमा झाले? शहराच्या वाढत्या नळांच्या, की आमच्या चारीच्या?

शहराने साफसफाई करावी ती आमच्यावर उपकार म्हणून नव्हे. १९७४ चा पाणी प्रदूषणाचा कायदा आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकांना शुद्धीकरण केंद्रांसाठी मुदत घालून दिली. शेतकऱ्याचे वीजबिल थकले की जोडणी कापायला माणूस लगेच येतो. शहराने कायदा थकवला तर कोण येतो?

म्हणून आमचे मागणे तीन. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी दर महिन्याला व्हावी आणि तिचे आकडे काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागावेत. वाचलेल्या धरणाच्या पाण्याचा हिशेब जाहीर करून ते ओलिताला द्यावे. आणि गाळ खत म्हणून आमच्या माथी मारण्याआधी त्यात जड धातू किती, हे तपासून सांगावे.

गावी गेल्यावर ग्रामसभेत हे तीन ठराव मांडा. नदी आमच्याकडे येताना स्वच्छच आली पाहिजे. भीक नको, हिशेब हवा!