विज्ञान पदवीधरांची एक दुर्लक्षित वाट



मुलगा बी.एस्सी. झाला, पण पुढे नोकरी नाही, म्हणून पुष्कळ घरांत चिंता असते. प्रयोगशाळेची उपकरणे विकण्याचे काम मिळाले, तर "एवढे शिकून सेल्समनच झाला ना?" असे आपण सहज बोलून जातो. या बोलण्याचा आपण फेरविचार करावा.

अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ अर्नोल्ड बेकमन यांनी १९३४ साली लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी पीएच मीटर तयार केला. तो खपावा म्हणून ते स्वतः विक्रेत्यांकडे गेले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

या कामात ग्राहक प्रश्न विचारतो. हा तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवील काय? आम्ल द्रावणासाठी पीएच मीटर ७ आणि ४ च्या बफरने कसा जुळवावा? सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोरच्या नळ्यांचे वजन सारखे का हवे? ज्याने प्रॅक्टिकल मन लावून केले, तोच उत्तर देईल.

येथे सचोटीचीही कसोटी लागते. साध्या तराजूवर ज्या शाळेचे भागते, तिच्या गळ्यात महागडे यंत्र मारू नये. रुग्णालयात अयोग्य उपकरण गेले, तर रुग्णाचा अहवालच चुकू शकतो.

फिरती आहे, विक्रीचे उद्दिष्ट आहे, निविदा भरण्याची चिकाटीही हवी. म्हणून विद्यार्थ्यांनो, प्रॅक्टिकलची वही दुसऱ्याची पाहून उतरवू नका. इंग्रजी बोलण्याचा सराव ठेवा. आणि पालकहो, मुलाला काय, मुलीला काय, ही वाट बंद करू नका.