दवाखान्याची परीक्षा कोणत्या मापाने करावयाची?



दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर, पूर्वीचे विनय नगर, ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. देशाच्या सर्व प्रांतांतून आलेले कारकून, शिपाई, अधिकारी येथे राहिले. त्यांत मराठी कुटुंबेही आली. 1954 साली दिल्लीत सुरू झालेल्या केंद्र सरकारी आरोग्य योजनेचा दवाखाना या वसाहतीच्या जीवनाचे एक अंगच बनला. पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते, कार्ड दाखविले की डॉक्टर तपासतो आणि औषध मिळते. पाटीवर आता ‘वेलनेस सेंटर’ असे नाव आले आहे. लोक मात्र अजून डिस्पेन्सरीच म्हणतात.

हा दवाखाना चांगला की वाईट, हे ठरते कसे? रांग किती होती, डॉक्टर गोड बोलले की खेकसले, लिहून दिलेले औषध खिडकीवर मिळाले की दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितले, यावरून. या तक्रारी खोट्या नाहीत. साठ-सत्तर वर्षांच्या पेन्शनराला मधुमेहाच्या गोळ्यांसाठी दोनदा हेलपाटे घालावे लागणे हा क्षुल्लक प्रश्न नव्हे. परंतु गोड बोलणारा, मागाल ते औषध देणारा डॉक्टर रोग ओळखीलच असे नाही, आणि खरी परीक्षा तेथेच आहे.

या बाबतीत दिल्लीतच झालेले एक संशोधन अप्रिय असले तरी नीट समजून घेतले पाहिजे. जिष्णू दास व जेफ्री हॅमर या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीतील डॉक्टरांपुढे प्रथम काल्पनिक रुग्ण मांडले व त्यांना काय विचाराल, काय तपासाल, असे विचारून त्यांचे ज्ञान मोजले. महिन्याभराने त्याच डॉक्टरांचे प्रत्यक्ष काम बसून पाहिले. 2007 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की डॉक्टर जेवढे जाणतात त्यापेक्षा कमी करतात. आणि ज्ञान व कृती यांतील ही दरी फी घेणाऱ्या खाजगी डॉक्टरांपेक्षा ठराविक पगाराच्या सरकारी डॉक्टरांत अधिक असते. कमी शिकलेला खाजगी डॉक्टरही सरासरीने जास्त शिकलेल्या सरकारी डॉक्टरापेक्षा बरी तपासणी करतो, इथपर्यंत हा निष्कर्ष जातो.

सार्वजनिक आरोग्यसेवेच्या कैवाऱ्यांनी यावर मौन पाळण्याचे कारण नाही. मौन पाळले तर खाजगीकरणाचे वकील हाच निष्कर्ष आपल्या खिशात घालतील. नव्हे, घातलाच आहे. त्यांना उत्तर दुसऱ्या आकड्यांत आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शिकवून तयार केलेले तोतया रुग्ण क्षयाची लक्षणे घेऊन दिल्लीतील 100 खाजगी वैद्यव्यावसायिकांकडे गेले. 250 भेटींपैकी केवळ 52 भेटींत, म्हणजे शंभरांत एकवीस वेळा, रुग्णाला योग्य वागणूक मिळाली. फी दिली की रुग्णाकडे लक्ष दिले जाते, हे खरे. पण ते लक्ष थुंकीच्या तपासणीपर्यंत पोहोचतेच असे नाही. खाजगी डॉक्टर गिऱ्हाइकाला उत्तर देतो, सरकारी डॉक्टर मंत्रालयातील फाइलीला. रुग्णाच्या प्रकृतीला उत्तर देण्याचे बंधन दोघांवरही नाही. दोष एखाद्या डॉक्टरच्या स्वभावात शोधणे म्हणूनच निरर्थक आहे.

मग मोजावयाचे काय? अमेरिकेतील अवेडिस डोनाबेडियन यांनी 1966 साली तीन गोष्टी वेगळ्या केल्या: साधने, प्रत्यक्ष उपचाराची क्रिया आणि फलित. आपल्याकडील तपासणी बहुधा पहिल्यावरच थांबते. इमारत आहे, डॉक्टरांची पदे भरली आहेत, औषधांचा साठा आहे, शेरा समाधानकारक! दोन आठवड्यांहून अधिक खोकणाऱ्या किती जणांची थुंकी तपासली, हगवण लागलेल्या मुलाच्या आईला शौचात रक्त पडते का हे विचारले का, रक्तदाबाच्या नोंद झालेल्या रुग्णांपैकी किती जणांचा दाब वर्षभरानंतर आटोक्यात आहे, हे कोणी विचारीत नाही. यासाठी यंत्रे लागत नाहीत. नोंदवही लागते, आणि ती वाचणारा लागतो.

वेल्समधील ग्लिनकॉरग या कोळसा खाणीच्या गावात हे काम ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी केले. ते कम्युनिस्ट होते. ज्याला चांगल्या उपचाराची गरज सर्वांत जास्त त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो, आणि बाजाराचा शिरकाव जेवढा अधिक तेवढी ही विषमता तीव्र, हा सिद्धांत त्यांनी 1971 साली मांडला. पण सिद्धांत मांडून ते थांबले नाहीत. दवाखान्यात न आलेल्यांनाही शोधून त्यांनी गावातील प्रौढांचा रक्तदाब मोजला, आणि पंचवीस वर्षांच्या कामाचा हिशेब 1991 साली उघडपणे छापला. शेजारच्या तशाच गावापेक्षा अकाली मृत्यू कमी झाले होते. सार्वजनिक सेवेतच हे घडले, ही गोष्ट दिल्लीच्या संशोधनाशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे.

सरोजिनी नगरात हा हिशेब मांडणे आज अधिक कठीण झाले आहे. 2016 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. त्यांत ही वसाहतही आहे. बैठे क्वार्टर पाडले जातात, कुटुंबे इतरत्र जातात, आणि वर्षानुवर्षांची डॉक्टर-रुग्ण ओळख तुटते. शिवाय दवाखान्याची नोंदवही कितीही नेटकी ठेवली तरी तिच्यात सर्वजण नाहीत. क्वार्टरमध्ये भांडी घासणारी बाई, प्रसिद्ध बाजारात पथारी मांडणारा फेरीवाला, सरकारी कचेरी झाडणारा ठेकेदाराचा कामगार यांच्याजवळ ते कार्ड नसते. ते सफदरजंग रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पहाटेपासून उभे राहतात, किंवा रोज बुडेल म्हणून जातच नाहीत. कर्मचारी संघटनांनी दवाखान्याच्या कामाचा आढावा मागताना वर्गणीदारांच्या तक्रारींबरोबर दोन गोष्टी लेखी मागाव्यात: जुनाट रोग्यांपैकी किती जण सहा महिन्यांत परत आले नाहीत, आणि त्याच वसाहतीत रोज कामाला येणाऱ्या बिनकार्डवाल्यांना क्षयाची तपासणी व औषध कोठे मिळते.