बसली म्हणजे जुळली असं नाही

मी बडोद्याचा. चौतीस वर्षं टीव्ही, व्हीसीआर आणि प्रोजेक्टर दुरुस्त केले. आता दुकान बंद आहे. या मालिकेत माझ्या आधी मोठमोठी माणसं बोलून गेलीत, त्यामुळे मी काय सांगणार, असं आयोजकांना म्हटलं. ते म्हणाले, "काका, तुमच्या हातून चुकलेलं एखादं काम सांगा." ते मात्र माझ्याकडे भरपूर आहे. त्यातलं एक सांगतो.

तरुण मंडळींसाठी आधी यंत्राची ओळख करून देतो. आजच्या प्रोजेक्टरला एक भिंग असतं. जुन्या सीआरटी प्रोजेक्टरला तीन असायची, एका ओळीत, कारण आत तीन छोट्या पिक्चर ट्यूब असायच्या. एक लाल, एक हिरवी, एक निळी. प्रत्येक ट्यूब आपल्या रंगाचं पूर्ण चित्र काढते आणि ती तिन्ही चित्रं पडद्यावर एकमेकांवर बरोबर बसवायची. बसली की रंगीत चित्र. सोनी, बेल्जियमची बार्को, कॅनडाची इलेक्ट्रोहोम, एनईसी अशा कंपन्यांची ही यंत्रं कंपन्यांच्या सभागृहांत, हॉटेलांत, क्लबांत छताला टांगलेली असायची. उतरवायला चार माणसं लागायची. ट्यूब साधारण ७, ८ आणि ९ इंचांच्या. घरातल्या टीव्हीची ट्यूब २१ इंचांची आणि तिचं चित्रही तेवढंच. इथे ७ इंचांच्या काचेवरचं चित्र भिंतभर करायचं. म्हणजे त्या काचेवर किती प्रखर उजेड पाडावा लागत असेल बघा. त्यामुळे काचेच्या आतला प्रकाश देणारा लेप, म्हणजे फॉस्फर, हळूहळू जळतो. कॉम्प्युटर जोडला असेल तर एकाच जागी राहणारी पट्टी, घड्याळ, कंपनीचं चिन्ह, सगळं त्यावर कायमचं उमटतं.

आमच्या बडोद्यात मराठी माणसं गायकवाडांच्या काळापासून आहेत. गणपती आहेत, नाटकं आहेत, छोटी छोटी मंडळं आहेत. अशाच एका मंडळाला कुणीतरी ऑफिसात वापरून झालेला ७ इंची प्रोजेक्टर दिला होता. गणेशोत्सवात त्यावर जुन्या नाटकांच्या आणि लावणीच्या टेप दाखवायचे. २००६ साली मंडळाचे सेक्रेटरी माझ्याकडे आले. चित्र मळकट झालं होतं, आणि कुठलंही नाटक लावा, खाली डाव्या कोपऱ्यात एक चौकोन कायम दिसायचा. तिन्ही ट्यूब संपल्या होत्या. मूळ कंपनीच्या नव्या ट्यूबचा भाव ऐकून सेक्रेटरी खुर्चीत बसले ते उठेचनात. वर्गणीवर चालणारं मंडळ ते.

मी म्हटलं, बघतो. मुंबईला गेलो, लॅमिंग्टन रोडला. तिथे एका व्यापाऱ्याकडे दुसऱ्याच कंपनीचा मोडीत काढलेला प्रोजेक्टर होता. ट्यूब जवळजवळ कोऱ्या. ७ इंचांच्याच. नेक, म्हणजे मागची बारीक मान, तीही २९ मिलिमीटरची, आमच्यासारखीच. भाव आमच्या खिशाला परवडणारा. मी तिथेच पैसे मोजले.

इथे चूक सुरू झाली. प्रोजेक्टर बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या ट्यूब स्वतः बनवत नसत, मात्सुशिता किंवा तोशिबासारख्यांकडून घेत. त्यामुळे नाव वेगळं असलं तरी ट्यूब चालून जाऊ शकते, हे खरं आहे. पण प्रत्येक कंपनी आपल्या यंत्रासाठी ती ट्यूब वेगळी सजवून घ्यायची. आकार जुळला म्हणून ट्यूब घेणं म्हणजे मुलाची उंची बघून लग्न ठरवणं.

मी काय काय तपासायला हवं होतं, ते आता क्रमाने सांगतो.

पहिलं, फोकस कसा होतो. काही ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत बारीक करायला एका पिनवर काही हजार व्होल्टचा दाब द्यावा लागतो. काहींमध्ये मानेवर तांब्याच्या तारेचं कॉइल बसवून चुंबकाने फोकस करतात. एका जातीच्या यंत्रात दुसऱ्या जातीची ट्यूब घालायचा नाद करू नये. माझ्या नशिबाने दोन्हीकडे कॉइलवाल्याच होत्या.

दुसरं, मागच्या पिना. सॉकेट बसलं म्हणजे पिनांचा क्रम तोच आहे असं नाही. हीटर बहुतेक ठिकाणी ६.३ व्होल्टचा असतो, पण तो कुठल्या दोन पिनांवर, कॅथोड कुठे, ग्रिड कुठे, हे दोन्ही ट्यूबच्या तक्त्यांवरून पिनमागे पिन ताडून बघायचं. हे मी केलं होतं. तेवढी अक्कल होती.

तिसरं, योक. झोत डावीउजवीकडे आणि वरखाली फिरवणारं कॉइल. ते नव्या ट्यूबबरोबर आलेलं वापरायचं नाही. यंत्राचं सर्किट ज्या कॉइलसाठी बनवलंय तेच जुन्या ट्यूबवरून काढून नवीवर चढवायचं. फोकस कॉइलचंही तेच. आणि पट्टी आवळताना हात हलका ठेवायचा. मानेची काच पातळ असते; तडा गेला की बारीक हिस्स आवाज येतो, आत हवा शिरते, आणि ट्यूब संपली.

चौथं, ॲनोडची वायर. हिच्यातून ट्यूबला ३० हजार व्होल्टच्या वर दाब जातो. या ट्यूबमध्ये ती वायर बहुधा काचेला कायमची चिकटवलेली असते आणि तिच्या टोकाचा जोड प्रत्येक कंपनीचा वेगळा. माझ्या नव्या ट्यूबच्या वायरी आखूड होत्या आणि जोड आमच्या यंत्रात जात नव्हता.

मी वायर कापली. जुनीचं टोक नवीला जोडलं, डाग दिला, स्लीव्ह घातली, सिलिकॉन भरलं, वरून रबरी टेप गुंडाळला. मनात एक पाल चुकचुकली होती, खोटं कशाला सांगू. पण गणपती पंधरा दिवसांवर आले होते.

यंत्र सुरू केलं. चित्र आलं. सेक्रेटरींनी पेढे मागवले. वीस मिनिटांनी आतून चर्र चर्र आवाज यायला लागला आणि झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा ओझोनचा वास. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. माझा मदतनीस, एकोणीस वर्षांचा गुजराती पोरगा, स्टुलावर उभा होता. वीज बंद झाली बघून आवाज कुठून येत होता ते पाहायला त्याने आत हात घातला.

मंडळी, वीज बंद केली तरी तो दाब लगेच जात नाही. ट्यूब आणि दाबाचा ठोकळा मिळून भरलेल्या भांड्यासारखे असतात. आधी अर्थिंगला जोडलेल्या दांडीने ते रिकामं करावं लागतं. हे मला माहीत होतं. त्याला मी सांगितलं नव्हतं.

तो मागे फेकला गेला. कोपर लोखंडी कडेवर आपटलं, तीन टाके पडले. दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, तो ठीक आला. संध्याकाळी त्याची आई दुकानात आली. मला वाटलं भांडेल. तिने एवढंच विचारलं, "तमने तो खबर हती ने?" तुम्हाला तर माहीत होतं ना? मी हो म्हटलं. ती निघून गेली. त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही दुसरं उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींना सगळं सांगितलं आणि माझी मजुरी सोडली. मग पुन्हा मुंबई. एवढ्या दाबासाठीच बनवलेले, बंद डबीचे जोड मिळतात, ते आणले. माझ्या टेपची जागा त्यांनी घेतली. पोरगा पाचव्या दिवशी कामावर आला. त्या दिवसापासून दुकानात नियम झाला: प्लग भिंतीतून काढायचा, थांबायचं, दांडी लावायची, पुन्हा लावायची, आणि हात घालणाऱ्याने स्वतः लावायची, दुसऱ्याच्या शब्दावर नाही.

यंत्र पुन्हा टांगलं. प्रत्येक ट्यूबचा कटऑफ लावला. म्हणजे ग्रिडचा दाब असा ठेवायचा की काळ्या चित्राला उजेड अगदी दिसेनासा व्हावा. हे तिन्हींचं नीट जमलं नाही तर अंधारातला प्रसंग हिरवट आणि उजेडातला गुलाबी दिसतो. मग मंडळातल्या चार जणांना बोलावून लावणीची टेप लावली. सगळे खूश. मागच्या रांगेत एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, "अरे, या सगळ्या बायांचं कुंकू शेंदरी का दिसतंय?"

मी रंगाची बटणं फिरवली. लाल वाढवला तर माणसांचे चेहरे तापल्यासारखे दिसायला लागले आणि कुंकू शेंदरीच. शिवाय पडद्याचे कोपरे धूसर होते. रात्रभर झोप नाही.

पाचवी तपासायची गोष्ट ती हीच होती. या ट्यूबच्या तोंडावर एक छोटी टाकी असते. तिच्यात काचेला थंड ठेवणारं पातळ द्रव्य असतं, ग्लायकॉल आणि ग्लिसरिनचं मिश्रण. टाकीचं पुढचं झाकण म्हणजे एक वक्र काच. ती नुसती झाकण नसते, ती लेन्सचाच एक भाग असते. आमच्या मूळ यंत्रात लाल ट्यूबची ही काच स्वतः लाल रंगाची होती. का? लाल फॉस्फर खरं तर नारिंगीकडे झुकलेला उजेड देतो. रंगीत काच त्यातला नारिंगी गाळून टाकते. नव्या ट्यूबवरची काच पांढरी होती, कारण त्या कंपनीने हे काम दुसरीकडे केलं असणार. आणि तिची वक्रताही आमच्या लेन्सशी जुळत नव्हती, म्हणून कोपरे धूसर.

म्हणजे बटणं फिरवून काही होणार नव्हतं. तिन्ही ट्यूब पुन्हा उतरवल्या. टाक्या रिकाम्या केल्या, जुन्या ट्यूबच्या काचा नव्या ट्यूबवर बसवल्या, रबराच्या कड्या नव्या घातल्या, द्रव्य गाळून भरलं. भरताना बुडबुडा ठेवायचा नाही, पण तापल्यावर द्रव्य फुगतं त्यासाठी दिलेली जागा मोकळी ठेवायची. हे ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं; सांडलं तर लगेच पुसायचं, लहान मूल किंवा कुत्रं जवळ येऊ द्यायचं नाही. आणि ट्यूब हाताळताना डोळ्यांवर चष्मा हवाच. आत निर्वात असतं. ७ इंचांच्या तोंडावर हवेचा सुमारे २०० किलो भार असतो.

गणपतीच्या आदल्या रात्री दोन वाजता चित्र आलं. कोपरे स्वच्छ. दुसऱ्या दिवशी आजी आल्या, बसल्या, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हां, आता कुंकू." त्या प्रोजेक्टरने पुढे पाच गणपती काढले. मग मंडळाने नवीन छोटा प्रोजेक्टर घेतला, जो एका हातात उचलता येतो.

आता अशा ट्यूब नव्या मिळणं जवळजवळ बंद झालंय. तरी देशभरात काही हौशी लोकांनी ही यंत्रं जपून ठेवलीत, म्हणून हे तपशील सांगितले. वापरलेली ट्यूब घेताना टॉर्च मारून तोंडावरचा लेप बघा. जळलेला भाग तपकिरी दिसतो. पाचही गोष्टी घेण्याआधी बघा, पैसे दिल्यावर नाही. आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगा की हे दुसऱ्या घरचं आहे, जुळवायला वेळ लागेल, कदाचित जुळणार नाही. मी सेक्रेटरींना म्हटलं होतं, "बसेल, काळजी करू नका." ते वाक्यच चुकीचं होतं.

माझा तो मदतनीस आता भरूचला स्वतःचं दुकान चालवतो. मागे गेलो होतो. नवीन पोरगा कामाला ठेवला होता. माझ्यासमोर त्याने त्या पोराला सगळ्यात आधी काय दाखवलं असेल? पाना नाही, मीटर नाही. भिंतीला टांगलेली अर्थिंगची दांडी. मग बाही वर करून कोपरावरचे तीन टाके दाखवले. मी काही बोललो नाही, चहा प्यायलो आणि निघालो.

एवढंच सांगायचं होतं.